उत्तर थोडं जास्त येतंय

८ जानेवारी

ती. वन्सं यांना नमस्कार.

तब्येत कशी आहे हे विचारते, पण नुसतं 'बरी आहे' असं उत्तर नको. तेवढं फोनवरही कळतं. तुमचे भाऊ बरे आहेत. आमची धाकटी लेक तिच्या सासरी मजेत आहे. मीही बरी. दीड वर्षापूर्वी तुम्ही बॅग भरून मैत्रिणीच्या गावी राहायला गेलात, तेव्हापासून इथे तुमच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. तेव्हा तसलं हे पत्र नाही.

काम आहे म्हणून लिहिते.

आमच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणारा जो आहे, तो आता निवृत्त होतोय. त्याला आम्ही सगळ्या बायका 'थांबा-बघतो' म्हणतो. मशीन अडलं की त्याला हाक मारायची. तो 'थांबा, बघतो' म्हणणार आणि आधी चहा संपवणार. तोवर आम्ही सुईकडे बघत बसायचं. गणवेशाच्या बाह्या शिवण्यात माझा जन्म गेला म्हणतात, पण खरं तर त्यातला निम्मा या माणसाची वाट बघण्यात गेला. परवा मी साहेबांना तोंडावर सांगितलं, त्याची जागा मला द्या. ते हसले. मी हसत नाही हे बघून मग म्हणाले, प्रशिक्षण केंद्राची प्रवेश परीक्षा पास व्हा, जागा तुमची. परीक्षा मार्चमध्ये आहे. पेपर भौतिकशास्त्राचा. यांत्रिकी, उष्णता, वीज आणि तरंग.

आता मला सांगा, शिवणाच्या मशीनला लाटांशी काय करायचंय?

पुस्तक आणलंय. सातवीत शाळा सुटली, पण वाचता येतं, भागाकार येतो. अडतं ते 'समजा'पाशी. जिथे तिथे समजा. समजा जमीन गुळगुळीत आहे. समजा दोरीला वजन नाही. समजा हवा अडवत नाही. दोरीला वजन नाही? मग दुकानदार ती कशावर तोलतो? कपड्यांचे गठ्ठे भरलेली गाडी आमच्या फरशीवरून कुणी ढकलून दाखवावी आणि मग मला सांगावं घर्षण नाही म्हणून. तुमचे भाऊ म्हणाले, "अगं, समज ना. तुझं काय जातंय?" त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही.

तुम्ही आयुष्यभर शाळेत हेच शिकवलंत. मला गणितं लिहून पाठवा. मी सोडवून पाठवते, तुम्ही तपासा. फोनवर नको. फोनवर तुम्ही 'ठेवते आता' एवढंच बोलता. तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून मी जाड पेनाने मोठं अक्षर काढतेय. भिंग घेऊन सावकाश तपासा. घाई मला आहे, तुम्हाला नाही.

अभ्यासाला तुमच्या खोलीतलं टेबल घेतलंय. ड्रॉवरमधल्या लाल पेनांना हात लावलेला नाही. टेबल घेतलं म्हणून रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा.

तुमची,
घाईबाई

(लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही हे नाव ठेवलंत. आता तेच चालू द्या.)


११ फेब्रुवारी

ती. वन्सं,

तुमचं पाकीट मिळालं. एवढं जाड की पोस्टमनने विचारलं, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण का. आतली माझी तपासलेली पानं बघून तुमचे भाऊ म्हणाले, "यावर कुणाचं नाक फुटलं काय?" इतकी लाल शाई. शाळेतल्या पोरांचं तुमच्या हाताखाली काय झालं असेल ते आता कळलं.

तुम्ही लिहिलंत की रीत बरोबर, सूत्र बरोबर, पण प्रत्येक उत्तर थोडं जास्त. गाडी शंभर मीटर जाते, मी एकशेपाच लिहिलं. ऐंशी अंशांचं आणि वीस अंशांचं पाणी सारखं सारखं मिसळलं तर पन्नास अंश व्हायला हवं, माझं बावन्न. इस्त्रीला दहा अँपिअर, माझे साडेदहा. 'हे जादाचं कुठून आणतेस?' असं विचारून त्याखाली तुम्ही तीन रेघा मारल्यात.

मी चिडले. पुस्तक मिटून ठेवलं. मग रविवारी शेजारणीच्या झग्याची बाही कापायला घेतली आणि माझाच हात माझ्या डोळ्यांसमोर चोरी करताना सापडला. माप घेतलं, खडूने रेघ मारली, आणि कात्री चालवली ती रेघेच्या बाहेरून. शिवणीत दाबायला कापड सोडावंच लागतं, वन्सं. रेघेवर कापलं तर बाहीत हात शिरायचा नाही. जास्त असलं तर आत दुमडता येतं. कमी पडलं तर काय, कापड ओढून लांब करणार? हाताला तीच सवय. आकडाही मी त्याच हाताने लिहिते ना. उत्तर आलं की हात आपसूक थोडं सोडून लिहितो.

तुमच्या भावांना हे सांगितलं तर ते हसता हसता खुर्चीवरून घसरले. मी म्हटलं, "बघा, घर्षण कमी पडलं."

पाण्याबद्दल मात्र तुमचं पटलं. उष्णता वाटेत हवेत जाते, म्हणजे चुकायचंच होतं तर उत्तर पन्नासच्या खाली जायला हवं होतं. मी ते वर कसं नेलं? जादाची ऊब काय घरून घेऊन गेले होते?

आणि 'समजा'चंही पटलं. तुम्ही लिहिलंत, आधी कच्चे टाके घालतेस ना, तसं आहे ते. घर्षण, हवा, दोरीचं वजन हे सगळं आधी बाजूला ठेव, गणित उभं कर, मग एकेक आत घे. हे पुस्तकवाल्याला लिहायला काय झालं होतं? कच्चे टाके मला कळतात. पानाच्या तळाला तुम्ही बारीक अक्षरात आणखी एक लिहिलंय, की घर्षण मुळीच नसतं तर माणसाला चालताच आलं नसतं. ते मी दोनदा वाचलं.

काल एक गणित कुणाची मदत न घेता सुटलं, आणि उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी तंतोतंत जुळलं. जादा नाही, काही नाही. दोन विजेचे दिवे एकापुढे एक जोडले तर मंद का जळतात, याचं होतं. मला इतकं बरं वाटलं की उठून खोलीत चकरा मारल्या. तुमचे भाऊ बाहेर गेलेले. सांगायचं कुणाला? तुमच्या रिकाम्या पलंगाला सांगितलं. तो काही बोलला नाही. तुम्ही असतात तर निदान 'अक्षर सुधार' म्हणाला असतात.

पुढची गणितं लवकर पाठवा. अवघड पाठवा.

घाईबाई


२ एप्रिल

ती. वन्सं,

तुमची दोन्ही पाकिटं मिळाली. परीक्षेचं म्हणाल तर ती पुढे गेली आहे. कधी होणार ते केंद्रवाले सांगत नाहीत. असो, होईल तेव्हा होईल. तुम्ही गणितं पाठवत राहा.

आता तरंगांची हकिकत ऐका. प्रतिध्वनीचं गणित वाचलं आणि मला ते पुस्तकात ठेववेना. शनिवारी कारखाना सुटल्यावर तुमच्या भावांना मागच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेले. एका टोकाला गोदामाची उंच भिंत आहे. त्यांच्या हातात पत्र्याचं झाकण आणि पळी दिली, मी वेळ मोजायला फोन धरला.

"वाजवा."

"अगं, लोक बघतायत."

"समजा लोक नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण वाजवलं. आणि वन्सं, त्या भिंतीने उत्तर दिलं. ठण्ण, मग गप्प, मग लांबून ठण्ण. तुमच्या भावांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते थांबेनात. वाजवतायत, ऐकतायत, पुन्हा वाजवतायत. पहारेकरी काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं आग लागली. त्याला सगळं समजावलं, तर तो म्हणाला, "द्या इकडे, मला एकदा वाजवू द्या." शेवटी मीच दोघांना ओढून बाहेर काढलं. परत येताना हे रस्ताभर खूश. म्हणाले, "ताईला सांग हं हे. झाकण मी वाजवलं म्हणून सांग." सांगितलं.

आवाज जाऊन यायला एक सेकंद लागला. आवाज सेकंदाला तीनशेचाळीस मीटर जातो. जाणं आणि येणं धरलं तर त्याचं निम्मं. माझ्या हिशोबाने भिंत एकशेसाठ मीटरवर आहे.

कप्पीचंही सोडवलं. पन्नास किलोचा गठ्ठा सावकाश वर ओढायला, घर्षण नाही असं समजून, चारशेऐंशी न्यूटन जोर लागतो. गुरुत्वाचा आकडा तुम्ही सांगितल्याप्रमाणे दहाच घेतलाय.

दोन्हींत काही चुकलं असेल तर पानभर समजावून लिहा. दोन पानं लिहिलीत तरी चालेल.

घाईबाई


२० एप्रिल

ती. वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. या खेपेला पाकीट नाही, नुसतं कार्ड, आणि त्यावर लाल शाईत एवढंच:

'भिंत एकशेसत्तर. जोर पाचशे. तुझी उत्तरं कमी आलीत. तू कधी कमी कापत नाहीस. खरं काय आहे?'

मी ते कार्ड हातात घेऊन दारातच बसले. तुमचे भाऊ म्हणाले, "पकडलं ना? मी सांगत होतो, ती माझी बहीण आहे." मी म्हटलं, तुमची बहीण आहे हे चांगलंच कळलंय, तुम्ही आत जा.

खरं सांगते. परीक्षा पुढे गेली नव्हती. मार्चमध्येच झाली. मी पास झाले. काठावर नाही, चांगली पास झाले. आता सकाळी केंद्रात शिकायला जाते आणि दुपारी कारखान्यात थांबा-बघतोच्या हाताखाली काम करते. गेल्या आठवड्यात एक मशीन आपलं आपण उघडलं. ते वेग वाढवताना मध्येच थरथरायचं आणि टाके सोडायचं. थांबा-बघतो म्हणाला, सुई वाकडी असेल. मी म्हटलं, मशीन मंद चाललं तर थरथरत नाही, जोरात चाललं तरी नाही, मधल्या एकाच वेगाला टेबल नाचतं, मग सुईचा काय दोष? टेबलाचा झोका आणि मशीनचा झोका एकमेकांना सापडतोय. टेबलाच्या पायांखाली जाड रबर घातलं. थरथर गेली. पण टाके सुटतच राहिले. कारण सुईसुद्धा वाकडीच होती. थांबा-बघतो इतका हसला की चहा सांडला. मीही हसले. लाटांचं काय काम असतं ते मात्र कळलं.

हे सगळं तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतंत? 'अभिनंदन. तब्येत बरी आहे.' आणि पुन्हा दोन ओळींची पत्रं आणि 'ठेवते आता'. गणितं होती तोवर तुम्ही पानंच्या पानं लिहीत होतात. मला ओरडत होतात. तुमच्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं की माझं पाकीट आलं की तुम्ही टेबल खिडकीशी ओढता, भिंग पुसता आणि जेवायला बोलावलं तरी उठत नाही. म्हणून मुद्दाम चुकले. चुकायलाही नीट जमलं नाही.

आता माझी पाळी. लाल पेन माझ्याकडे द्या.

दीड वर्षापूर्वी त्या सकाळी दूध उतू गेलं आणि तुम्हाला ते दिसलं नाही. कुणी काही बोललं? कुणी नाही. तुम्हीच म्हणालात, उद्या माझं सगळं तुम्हालाच करावं लागेल. आणि आठवडाभरात बॅग भरलीत. समजा मी ओझं आहे, एवढं धरलंत आणि थेट उत्तर लिहून मोकळ्या झालात. आम्हाला विचारलं नाहीत. एकही पायरी दाखवली नाहीत. पायऱ्या न दाखवता मी उत्तर लिहिलं तर तुम्ही मला शून्य देता. तुम्हालाही शून्य.

पायऱ्या मी मांडते. तुमचं उद्या करावं लागलं तर करू. मी गठ्ठ्यांची गाडी ढकलते, मला ढकलायची भीती नाही. दूध माझ्याहीकडून उतू जातं, आणि मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं. केंद्रातला वीजशास्त्राचा अभ्यास पहिल्यापेक्षा अवघड आहे, तो तुमच्याशिवाय मला झेपणार नाही. हे मुद्दाम चुकून नाही म्हणत. आणि तुमचे भाऊ परवापासून झाकण आणि पळी काढून बसलेत, ताईला ऐकवायचंय म्हणून.

आपलं भांडण होईल. मी मोठ्याने बोलेन, तुम्ही खोलीत जाऊन बसाल. होऊ दे. मुळीच न घासता कुणाला चालता येत नाही, हे तुम्हीच लिहून पाठवलंय.

रविवारी सकाळच्या गाडीने तुमचे भाऊ तुम्हाला आणायला येतायत. खोली झाडून घेतली आहे. पलंग खिडकीशी सरकवला, वाचायला उजेड जास्त पडतो तिथे. टेबलाचा अर्धा भाग तुमचा, अर्धा माझा. ओट्याच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली आहे, म्हणजे तुम्हाला कड दिसेल. पातेलं नेहमीपेक्षा मोठं आणलंय. दूध तापवायचं तुम्हीच.

नाही म्हणायचं असेल तर दिलेलं काय, काढायचं काय, सूत्र कोणतं, सगळं मांडून नाही म्हणा. मी तपासेन.

जन्मभर मी 'समजा' या शब्दाशी भांडले. आज पहिल्यांदा कुणी न सांगता एक गोष्ट समजून चालले आहे. तुम्ही येताय. स्वयंपाक तीन माणसांचा होईल, आणि नेहमीसारखा थोडा जास्तच होईल.

रविवारपर्यंतच थांबते.

तुमची,
घाईबाई