दुपारची झोप

अण्णा,

निघतेय. तुम्ही दुपारचे आडवे झालेले, म्हणून हाक मारली नाही. दूध तापवून झाकलंय, गोळ्या डबीत भरल्यात. मांजराला फार लाडावू नका, घरात एक लाडावली तेवढी पुरे.

काल पुन्हा त्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचं स्वप्न पडलं. न संपणारा वॉर्ड, पाण्यासारखे हलणारे पडदे, आणि मी एकेकाची नाडी बघत पुढे चाललेय. शेवटच्या खाटेपलीकडे आपलं मागचं दार उघडं. बाहेर तुम्ही झाडांना पाणी घालताय, माझ्याकडे बघतच नाही.

तिथली नोकरी लागल्यापासून तुम्ही ‘जा’ म्हणाला नाहीत, ‘नको’ही म्हणाला नाहीत. मी रागातच बॅग उचलली होती. पण सवयीनं तुमचं मनगट हातात घेतलं. डोळे मिटलेले, घोरणं अगदी झकास. पण झोपलेल्या माणसाची नाडी अशी धावत नाही, अण्णा. नर्सच्या बापानं एवढं तरी ध्यानात ठेवायचं!

मग मोजायचं सोडून मी नुसतीच हात धरून बसले. तुम्हीही घोरायचं विसरलात.

पोचले की फोन करते. तेव्हा मात्र झोपू नका.