पाच म्हणजे पाच

महाल, नागपूर
दि. १४ मार्च १९७९

रा. रा. लहानूभाऊ वकील, मुक्काम उमरेड, यांना त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा कॅप्टन (रिटायर) मारोतराव निनावे याचा सावधान उभं राहून नमस्कार.

इकडं सर्व खुशाल. म्हणजे प्रेमिला खुशाल आहे आणि चार दिवसांपासून माझ्याशी बोलून नाही राहिली, त्यामुळं घरात शांतता आहे. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमची दाढ कशी आहे? (दाढ दुखते म्हणून तुम्ही शनिवारी मत द्यायले नागपूरले आले नाही, हे मी मनात ठेवलं नाही. डायरीत लिहून ठेवलं आहे.)

तर आमच्या वकील संघाच्या अध्यक्षाची निवडणूक. मी उभा होतो, आणि समोर गुलाबचंद वकील. तुम्ही म्हणाल, फौजेतून आलेल्या माणसाले हे लफडं काहून पाहिजे? भाऊ, अध्यक्षाचं नाव हायकोर्टाच्या जज्जासाठी वर जाते, असं आमचे म्हातारे गोपाळराव वकील मले तीन वर्षांपासून सांगून राहिले. (ते स्वतः दोनदा अध्यक्ष होते, त्यांचं नाव खालीच राहिलं. पण तो मुद्दा वेगळा.) माझा बाप हातमागावर लुगडी विणायचा. त्याचा पोरगा जज्जाच्या खुर्चीत बसावा, एवढी एकच इच्छा आहे माझी. हसू नका जी.

प्रचार मी फौजी पद्धतीनं केला. संघात एकूण एकशे नव्वद वकील. बैठकीच्या भिंतीवर त्यांची यादी लावली, पक्क्या माणसांवर हिरवी टाचणी, डळमळीतांवर पिवळी. (तुमच्यावर पिवळी होती.) पक्क्यांना सकाळी सहाले कस्तुरचंद पार्कवर बोलावलं. सहाजण आले. त्यातले चार रोजच तिथं फिरायले येतात, आणि एक माझा पक्षकार होता, त्याले तारीख विचारायची होती. गुलाबचंद मात्र नुसता कॅन्टीनमध्ये बसून चहा पाजे आणि माझ्याबद्दल सांगे, की पासष्टच्या लढाईत कॅप्टनसाहेबांनी फक्त बटाटे पोचवले. पोचवले! अभिमानानं पोचवले! बटाट्याशिवाय कोण लढते हो? उपाशी माणसाच्यानं बंदूक तरी उचलवते काय?

मग मी डाव टाकला. गुलाबचंदची सारी माणसं उशिरा येणारी. कोर्टात पुकारा झाला की यांचा चष्मा सापडत नाही. म्हणून मी गोपाळरावांना (निवडणूक अधिकारी तेच) लेखी अर्ज दिला, की मतदान पाचले बंद म्हणजे पाचलेच बंद, दार लावल्यावर साक्षात ब्रह्मदेव आला तरी आत घेऊ नये. अर्ज मंजूर झाला. मी घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

आता शनिवारचं ऐका. फौजेत रीत अशी, की सारे जवान जेवले का मग अधिकारी जेवतो. ही रीत माझ्या हाडात मुरली आहे. सकाळी अकरापासून मी मतदानाच्या दाराशी उभा. जो येईल त्याले म्हणावं, "आधी तुम्ही, जी." सारा संघ माझ्या समोरून आत गेला. पाचले चार मिनिटं कमी असताना गुलाबचंदचे तिघं धापा टाकत आले. बाप्पा, मी त्यांनाही बाजूले होऊन वाट दिली! एकाच्या हातातली पिशवीही धरली. ते बाहेर आले, मी टाय सरळ केला, मेडल पुसलं, पाऊल उचललं, आणि दार बंद.

मी म्हटलं, "गोपाळराव, मी उमेदवार आहे!" तर त्या म्हाताऱ्यानं खिडकीतून मले माझाच अर्ज वाचून दाखवला, ब्रह्मदेवासकट. "खाली सही तुमचीच आहे ना जी?" म्हणे. माझीच होती. चांगली ठसठशीत.

निकाल: गुलाबचंद चौऱ्याण्णव, मी चौऱ्याण्णव. मत न देणारे दोघंच, एक तुम्ही आणि एक मी. प्रेमिलाले सांगितलं तर ती आधी पाच मिनिटं हसली, मग विचारलं, "काहून जी, फ्रंटवरबी असेच दारात उभे होते काय?" मी फौजी आवाजात ओरडलो, तेव्हापासून तिचा अबोला आहे. मले लय लागलं ते, भाऊ. जेवण जात नाही.

येत्या शनिवारी, सतराले, पुन्हा मतदान आहे. वेळ तीच. अर्ज मागं घ्या असं गोपाळराव म्हणाले, पण दिलेला शब्द मी मागं घेत नाही. रीतही सोडणार नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना सावधान.

तुमचा,
मारोतराव

ता.क. दाढ उपटा, पण शनिवारी पहिल्या बसनं येजा.

ता.क. २. खरं सांगतो, मी तुमच्या मतासाठी लिहून नाही राहिलो. पावणेपाचले माझ्या मागं उभे राहा आणि मले आत ढकला. मी नाही म्हणीन, रागावीन, मेडल दाखवीन. ऐकू नका. मजबूत धक्का द्या. हे काम घरच्याच माणसाचं आहे.

ता.क. ३. फक्त तुम्ही आधी मत देऊन या. पाहुण्याच्या आधी मी कसा जाऊ? दार मी धरून ठेवतो.