विसरलेल्या छत्रीत दिसलेला खून

प्रिय बाबा,

शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे आणि आज गुरुवार. म्हणून आज रजा टाकून तुला लिहायला बसले.

आपली कादंबरी छापणार आहेत, बाबा! खरंच! पुण्याहून प्रकाशकबाईंचा फोन आला तेव्हा मी गोखिवऱ्याच्या कारखान्यात, ऑफिसात हजेरी भरत होते. त्या म्हणाल्या, "तुमचा वामन आम्हाला फार आवडला." आणि मी आभार मानायचे सोडून म्हणाले, "बाबांना सांगते हं." तुला जाऊन दीड वर्ष झालं, तरी तोंडातून तेच निघालं. समोरच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

पण एक अडचण आहे. बाईंना शेवट पटलेला नाही. म्हणाल्या, "एकोणीस प्रकरणं श्वास रोखून वाचली. विसावं वाचताना वाटलं, कुणीतरी फळ्यापाशी उभं राहून शिकवतंय. ते पुन्हा लिहा, नाहीतर का लिहायचं नाही ते मला समजावून सांगा."

विसावं प्रकरण माझं आहे. तुझं नाही. ते त्यांना न सांगताच कळलं, बघ!

आठवतं, पहिलं प्रकरण कसं झालं? मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तू दुपारी माणिकपूरच्या स्टँडवरून नायगावला जेवायला आलास, हातात कुणाची तरी काळी छत्री. कुणीतरी तुझ्या रिक्षात विसरलं होतं. दारातच थांबून म्हणालास, "मयू, समज, ही छत्री हातात घेतली नि मना एकदम खून दिसला तर?"

आई आतून ओरडली, "आधी जेव! खून काय पलून जातंय?"

तू जेवलास, आणि हात धुता धुता मला म्हणालास, "लिव गो." असा आपला वामन जन्मला. माणिकपूरचा रिक्षावाला. मागच्या सीटवर कुणी काही विसरलं आणि त्यानं ते हातात घेतलं, की त्या वस्तूनं पाहिलेलं सगळं त्याला दिसतं. छत्रीत मिठागरावरचा खून. चष्म्यात म्हाताऱ्यांचे अंगठे उठवून जमिनी लाटणारी टोळी. इन्स्पेक्टर आधी त्याला हसतो आणि मग दर सोमवारी स्टँडवर चहाला येऊन बसतो. तू सातवी पास, मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली. तू बोलायचास, मी लिहायचे. शुद्धलेखन माझं, खून सगळे तुझे!

बाई मला विचारत होत्या, "प्रकरणं इतक्या नेमक्या जागी तोडायला कुठे शिकलात?" काय सांगणार? आधी तू ती गोष्ट स्टँडवर सांगायचास. रांगेत तुझा नंबर आला की "चला, भाडं हाय" म्हणून खुनी दाराशी आलेला असताना निघून जायचास. मागे सगळे तिष्ठत. गोष्ट ऐकायची म्हणून दोघांनी आपला नंबर सोडल्याचं मला आठवतं. जेवायला आलास की तेच मला लिहायला सांगायचास, आणि तिथंच तोडायचास. मलाही पुढचं सांगायचा नाहीस! त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग लोकांना वाटायला लागलं की वामन म्हणजे तूच. केवढी धमाल होती ती! कुणाची म्हैस हरवली, ये नारायणकडे. कुणाचे नारळ चोरीला गेले, ये नारायणकडे. एक बाई तर मुलाचं बारावीचं हॉलतिकीट तुझ्या हातात ठेवून "पास होईल का बघा" म्हणाली. तू गंभीर चेहरा करून म्हणालास, "आज दिसत नाय. डोले आलेत." त्या वर्षी तुझे डोळे किती वेळा आले असतील!

मला मात्र हसू येत नव्हतं. मी कॉलेजात अंधश्रद्धेवर पथनाट्यं करत होते आणि माझाच बाप स्टँडवर दिव्यदृष्टीवाला म्हणून प्रसिद्ध होत होता.

आणि मग वाडीतल्या मार्था मावशींच्या पाटल्या हरवल्या.

मावशी मुलीच्या लग्नासाठी पाटल्या उजळून घ्यायला सोनाराकडे निघाल्या होत्या. रामआसरेच्या रिक्षातून वाडीवरून माणिकपूरला आल्या, आधी विहीणबाईंकडे चहा प्यायल्या, मग सोनाराकडे जाऊन पर्स उघडली, तर पाटल्या नाहीत! रडत स्टँडवर आल्या. पर्स तर रिक्षात शेजारी सीटवरच होती, मग घेतल्या कुणी? रिक्षावाल्यानं. रामआसरे उत्तर प्रदेशातून येऊन दहा वर्षं तुमच्याबरोबर रांगेत उभा राहत होता, तरी पाच मिनिटांत त्याची कॉलर कुणाच्या तरी मुठीत गेली. कुणी पट्टा काढला. आणि मावशी तुला म्हणाल्या, "नारायण, मी संत अंतोनीची प्रार्थना केली, हरवलेलं तोच शोधून देतो. त्यानंच मला तुझ्याकडे धाडलं. तू बघ नि सांग."

चाळीस माणसं तुझ्या तोंडाकडे बघत होती. तू पर्स हातात घेतलीस.

"दिसतंय," तू म्हणालास. पट्टा धरलेला हात खाली आला. "पाटल्या रिक्षात नाय. कोनाच्या तरी घरात हायत. गोड वास येतंय." आणि मग साध्या आवाजात विचारलंस, "मावशी, आज कोनाला काय गोड दिलंत?"

मावशींनी कपाळावर हात मारला. चोराच्या भीतीनं घरातून निघता निघता त्यांनी पाटल्या पर्समधल्याच सुकेळीच्या पुड्यात, त्या वाळवलेल्या केळ्यांच्या मधोमध घातल्या होत्या. लपवल्या इतक्या नीट, की स्वतःच विसरल्या. आणि तोच पुडा विहीणबाईंच्या हातात ठेवून आल्या! फोन लावला तेव्हा पलीकडून विहीणबाई सगळ्या स्टँडला ऐकू येईल एवढ्यानं म्हणाल्या, "अहो, केळ्यात सोनं घालून द्यायची पद्धत आहे का तुमच्याकडे? मी म्हटलं, किती मोठ्या मनाची माणसं!"

मेणबत्ती अंतोनीला मिळाली आणि सुकेळी तुला. रामआसरेनं सगळ्यांना चहा पाजला, कॉलर धरणाऱ्यालासुद्धा.

घरी आल्यावर मी काय केलं? तुला जाब विचारला.

"बाबा, तुला खरंच दिसलं?"

"नाय. पर्सला सुकेलीचा वास येत होता."

"मग वासाचं सांगायचंस. 'दिसतंय' का म्हणालास? खोटं बोललास तू."

"पोरी, पुरावा ऐकाला टाइम लागतं," तू म्हणालास. "हात उठाला टाइम नाय लागत."

मी म्हणाले, खोट्यातून चांगलं झालं तरी ते खोटंच. केवढ्या तोऱ्यात म्हणाले! दुसऱ्या दिवशी तू खुशीत आलास. "शेवट सुचला, मयू. ऐन वेलेला वामनला कायच दिसत नाय. निरपराध मानूस मधे, लोकं भवती. नि तरी वामन म्हनतो, दिसतंय." मी वही मिटली. माझा नायक खोटं बोलणार नाही, म्हणाले. आणि मी माझं विसावं प्रकरण लिहिलं. त्यात वामन कोर्टात उभा राहून चार पानं सांगतो की दिव्यदृष्टी नसतेच, मी फक्त बारीक बघत होतो.

तू शांतपणे ऐकलंस. "चांगलं लिवलंस," म्हणालास. "पन तो माझा वामन नाय." आणि रिक्षाची चावी घेऊन गेलास. पाच महिन्यांनी तू गेलासच. त्या पाच महिन्यांत मी एकदाही का विचारलं नाही, की मग तुझा वामन कसा? बाबा, तूही का भांडला नाहीस माझ्याशी? "शिकलेली हाय, तिला कलतंय" असं तू आईला म्हणाला होतास, हे मला मागाहून कळलं. एवढा विश्वास ठेवायची काय गरज होती?

काल सुट्टी झाल्यावर मी स्टँडवर गेले. रामआसरेकाका रांगेत तिसरे होते. त्यांना विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं? मला वाटलं, ते तुझ्या दृष्टीचं कौतुक सांगतील.

ते म्हणाले, "बिटिया, सब बोलता है नारायणभाऊने आँख बंद किया. झूठ बात! पर्स हाथ में था, लेकिन पूरा टाइम वो मेरे को देख रहा था. मैं भी उसी को देख रहा था. तभी समझ गया, आज मैं घर जाएगा."

आणि त्यांचा नंबर आला. ते गेले. मी तिथंच उभी.

बाबा, एकोणीस प्रकरणांत मी प्रत्येक वेळी लिहिलं आहे: वामननं डोळे मिटले. तू कधी सांगितलं नव्हतंस ते, मीच घालत होते, कारण मला वाटायचं दृष्टी अशीच असते! आज सकाळपासून ती सगळी वाक्यं काढून टाकली. मग विसावं नव्यानं लिहिलं. त्यात वामनला काहीच दिसत नाही. फक्त समोर धरून ठेवलेला माणूस दिसतो, त्याचा घाम दिसतो, आणि वामन त्याच्याकडे बघत सगळ्यांना सांगतो, "दिसतंय."

आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी हात थांबले तिचे, आणि हसली. "हां," म्हणाली, "आथां आला तो."

तेव्हा हे वचन घे. शनिवारी हाच शेवट पाठवणार. मुखपृष्ठावर दोन नावं, पहिलं तुझं. अशी दृष्टी असते का, असं कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणणार, माझं मत बदललेलं नाही. पण त्या दिवशी स्टँडवर मी असते, तर पुरावा मांडत बसले असते आणि तोवर पट्टा चालला असता. म्हणून वामनचं ते एक खोटं मी कधीही खोडणार नाही. बाईंनी सांगितलं तरी नाही.

तुझी लेक आणि लेखनिक,
मयूरी