हळद न लागणारी बंडी

प्रिय प्रणाली,

तुझं पार्सल पोचलं. इतक्या वर्षांत राखीसोबत तू माझ्या स्वराजला साधा रुमाल कधी पाठवला नाहीस, यंदा एकदम बंडी! वर चिठ्ठी: हीच घाल, धुऊ नकोस, कुणाला दाखवू नकोस. बहिणीची माया एवढी दबकत येत नाही गं. मला तेव्हाच वास आला.

आधी वाटलं, तुला प्रयोगासाठी फुकटचा उंदीर हवाय. तुमच्या प्रयोगशाळेत काय करता ते तू गेल्या गणपतीत रंगवून सांगितलं होतंस. केसाहून हजारो पटींनी बारीक कणांचा थर कापडावर चढवायचा, म्हणजे पाणी, बर्फ, विषारी थेंब आत शिरत नाहीत आणि उंचावर जवानाचं अंग कोरडं राहतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर आपल्या घराण्याचा विश्वास जुनाच आहे. त्यांचं टेंडरही निघतं, हे मात्र तुझ्यामुळे कळलं. त्यात तुझे फोन, ‘आत्या, घातली का त्याने?’ पोरगा जेवला का, असं एकदाही नाही.

स्वराजची पलटणीतली सुट्टी संपत आली तशी माझ्या सासूबाईंनी बंडी पुढ्यात घेतली. आमच्याकडे नव्या कापडाला हळदीचं बोट लावल्याशिवाय ते अंगावर चढत नाही, मग ते लग्नातलं असो की लष्करातलं. त्यांनी बोट टेकवलं, तर ओली हळद थेंब होऊन घरंगळली आणि जमिनीवर. पुन्हा लावली, पुन्हा तेच. म्हातारी बिथरली. ‘अगो सुचिता, ह्या कापडाला हळद लागत न्हाय! अवलक्षणी हाय, पोराला घालू नको.’

स्वराज हसून लोळला. ‘आजी, तुझी हळदच म्हातारी झालीय. थांब, पलटणीत आम्हा सगळ्यांना अशीच मिळालीय.’ त्याने ट्रंकेतून पलटणीची बंडी काढली. तेच कापड, तोच रंग, तुमच्याच प्रयोगशाळेचा शिक्का. सासूबाईंनी बोट लावलं. हळद बसली. नुसती बसली नाही, आरपार गेली. मागून पिवळा डाग उमटला. ‘ही बरी हाय,’ म्हातारी खूश. त्या क्षणी आमच्या घरात खूश अशी ती एकटीच होती. स्वराजने त्या बंडीवर तांब्याभर पाणी ओतलं. ती पोतेऱ्यासारखी भिजली. वर बर्फात असं भिजलेलं कापड अंगावर गोठलं की माणसाचं काय होतं, ते त्याने मागच्या खेपेला पाहिलंय.

मी तुला फोन लावला. हळदीचं सगळं सांगितलं. तू म्हणालीस, ‘आत्या, फोनवर नको. त्याला माझीच घालायला सांग ना.’ उंदराचा संशय तिथे मेला आणि त्याहून वाईट जन्मला. तुझी बंडी प्रयोगशाळेत हाताने केलेली. पलटणीची कारखान्यातून आलेली, आणि तुमच्याकडे तपासून उत्तम ठरवलेली. थर दिला नाही कारखान्याने, पण शिक्का कसा पक्का बसलाय! तो कुणाच्या सहीने बसला ते विचारत नाही. तुला ठाऊक होतं, एवढं पुरे.

काल म्हसळ्याच्या स्टँडवर त्याला सोडून आले. तुझी बंडी मी गुपचूप त्याच्या पिशवीत सुपाऱ्यांच्या पुडीखाली कोंबली होती. एस.टी. लागल्यावर त्याने ती काढून माझ्या हातात दिली. ‘आई, बाकीची पोरं ती भिजणारी घालणार. मी एकटा कोरडा राहून त्यांच्या तोंडाकडे बघू?’ मी त्याला मूर्ख म्हटलं, बापावर गेलास म्हटलं. कर्कश हॉर्न वाजवत ड्रायव्हर ओरडला, ‘मावशी, व्हय की न्हाय ते ठरवा, गाडी सुटते!’ गाडी सुटली.

म्हणून हे पत्र. सोबत दोन्ही बंड्या आहेत. पलटणीची तो मुद्दाम ठेवून गेलाय. हरवली म्हणून जी शिक्षा होईल ती भोगणार आहे. भावासाठी तू नोकरी पणाला लावून एक बंडी बाहेर काढलीस, त्याबद्दल तुला जवळ घ्यावंसं वाटतं. बाकीच्यांसाठी तोंड मिटून बसलीस, म्हणून कानाखाली द्यावीशी वाटते. दोन्ही बंड्या साहेबांपुढे टाक आणि वर पाणी ओत. ते ऐकत नसतील तर त्यांच्या वरच्यांपुढे ओत. नोकरी गेली तर इकडे निघून ये. रोज टोमणे मारीन, पण दोन वेळा गरम भात वाढीन. महिनाअखेर पलटण वर चढणार आहे. माझा मुलगा आत्ता दोन्ही बंड्यांशिवाय आहे, प्रणाली.

तुझ्यावर नजर ठेवून असलेली, तरी तुझीच,
सुचिता आत्या