वाऱ्याचा डोळा

बाबा, परवा ऑफिसात मला खिडकी हा शब्द आठवला नाही. मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. मीटिंग चालू होती, बाहेर ड्रिलचा आवाज कान किटवत होता, आणि पलीकडे बसलेल्या पोराला खिडकी लावायला सांगायची होती. मी बोट दाखवून नुसती उभी राहिले. तो म्हणाला, "मॅम, आर यू ओके?" तोंडात एकच गोष्ट येत होती, वाऱ्याचा डोळा. ती मी दातांमागे दाबली आणि खाली बसले. तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांचं पेव फुटलं, तेव्हा नारायण पेठेतल्या आपल्या पुढच्या खोलीत तुमचा इंग्रजीचा क्लास भरायचा. अमरावती-यवतमाळकडची मुलं यायची. त्यांना इंटरव्ह्यूपुरतं इंग्रजी हवं असायचं, आणि तुम्ही एकेका शब्दाचं कूळ काढत बसायचात. "कंपनी म्हणजे एकत्र भाकरी खाणारे. तिथे गेल्यावर डबा एकट्याने खाऊ नका." मसल म्हणजे लॅटिनमधला छोटा उंदीर, विंडो म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतला वाऱ्याचा डोळा. एकदा मी वैतागून म्हटलं, कुठून का आला असेना, अर्थ कळला की झालं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "आडनाव विचारल्याशिवाय तुझी आत्या कुणाला पाणी देत नाही, आणि तू शब्दाला थेट स्वयंपाकघरात घेतेस?"

मग ती दुपार. तुम्ही आईला म्हणता, "अगं, तो वाऱ्याचा डोळा लाव." आई हसते, "अहो, क्लास सुटला." मीही हसते. तुम्ही हसत नाही. तुमचं बोट खिडकीकडेच आहे. खिडकीचं नाव गेलं होतं, कूळ तेवढं उरलं होतं. पुढे कुळंही गेली. एका संध्याकाळी मी चहा घेऊन आले, तर तुम्ही उठून उभे राहिलात आणि अदबीने विचारलंत, "आपण कुठून आलात?" जन्मात तुम्ही मला आपण म्हणाला नव्हतात. मी म्हटलं, इथलीच आहे. तुम्ही "बसा ना" म्हणालात, आणि मी बसले.

आता सकाळी कणीक मळताना मी शब्दांची हजेरी घेते. ब्रेकफास्ट, उपास मोडणे. कंपनी, भाकरी. सगळे हजर असतात, तरी पुन्हा पहिल्यापासून घेते. मुलीच्या ते लक्षात आलंय. काल तिने मोबाइल बाजूला ठेवला. "आई, डॉक्टरकडे जाऊन येऊ या?" मी म्हटलं, प्रोजेक्टचं रिलीज आहे, सवड नाही. तिने पुन्हा विचारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तुमच्याकडे बघायचे तशीच.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. रिलीज कधीच होऊन गेलं. डॉक्टरांची मला भीती नाही, बाबा. मी एक दिवस तिला आपण म्हणेन, त्याची आहे.