लेम्पीची सायकल आणि आईची जागा

ट्रॅप रोड, किविनॉ, मिशिगन
९ जुलै

चि. लेम्पी हीस,
अ. उ. आ. आईनं लावलेलं वळण म्हणून आशीर्वाद लिहिले आहेत, त्यांचा फार अर्थ लावू नकोस.

गेल्या मंगळवारी आणि गुरुवारी तू माझ्या फाटकावरून बॅटरीच्या सायकलवर गेलीस. त्र्याहत्तराव्या वर्षी डोक्यावर पिवळं शिरस्त्राण घालून, घाम न गाळता चढ चढणारी बाई या रस्त्यावर दुसरी नाही, तेव्हा नाकारू नकोस. गुडघा नवा बसवला की सोबत थोडी अक्कलही देत असतील असं मला वाटलं होतं.

तू कशाला फिरतेस ते मला कळतं. रानातली थिंबलबेरी पिकायला तीन आठवडे राहिले आणि तुला आईची जागा हवी आहे. इकडे घरटी बेरीची एक जागा असते आणि जाताना ती एकालाच सांगून जायची असते, हे तुला मी शिकवायला नको. आईनं ती मला सांगितली. तिची शेवटची आठ वर्षं या घरात मी काढली, तू नाही. चार नाताळ तुला त्या जागेच्या मुरंब्याची बाटली पाठवतो आहे, तेवढ्यात समाधान मान.

फाटकाला साखळी लावली आहे. फोन करू नकोस, तुझा आवाज आला की मी ठेवून देतो.

आहे तेवढा लोभ पुरे.
अर्वो

लॉरियम
१५ जुलै

ती. अर्वो यास,
सा. न. वि. वि. साष्टांग घालण्याइतका गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा नुसता नमस्कार धर.

तुझं पत्र आठ मैलांवरून निघालं आणि टपालाच्या वाटेनं दोनशे मैल फिरून पाचव्या दिवशी पोचलं. माझी सायकल तेच अंतर चाळीस मिनिटांत कापते. आणि पाय मारावेच लागतात. पाय मारले तरच बॅटरी मदतीला येते. चढावर कुणी पाठीला हात लावावा तसं वाटतं. तू कधी कुणाच्या पाठीला हात लावला नाहीस, तुला ते कळायचं नाही.

रोज सकाळी निघते. पन्नास वर्षं हा मुलूख मोटारीच्या काचेतून पाहिला आणि काहीच पाहिलं नाही असं आता वाटतं. जुन्या रेल्वेच्या वाटेवर खाणीचं धुराडं आहे ना, त्याच्या पोटात सफरचंदाचं झाड उगवलंय आणि उजेडासाठी सरळ वर गेलंय. ओढ्यावर बीव्हरनं बांध घातलाय, त्यात कुणाच्या तरी घराचं हिरवं दार कडीसकट अडकलंय. करड्या क्रौंचांचं एक जोडपं साडेसहाला वाट ओलांडतं, आणि मी थांबले की तुझ्यासारखं नाक वर करून बघतं. खाणकामगारांच्या ओसाड वस्तीत एका पायरीशी कुणी लावलेला आंबट रूबार्ब अजून येतो. मी चार दांडे कापून आणले आणि शिजवून खाल्ले.

आणि हो, जागाच शोधते आहे. आई पहाटे पाचला दोन बादल्या घेऊन मागच्या दारानं निघायची. शेजाऱ्यांना चकवायला आधी डावीकडे जायची आणि दहाला उजवीकडून परत यायची. बादल्या भरायला दोन तास धरले तर पायी तीन मैलांच्या पलीकडे ती जाऊच शकत नव्हती. तिच्या बुटांना तांबडी धूळ असायची, म्हणजे खाणीतून काढलेल्या दगडांचे ढीग. असे ढीग तेवढ्या टापूत नऊ आहेत. चार पाहून झाले.

तिनं मला सांगितलं नाही हे मला लागलंय, अर्वो, लपवत नाही. लहानपणापासून तिच्या मांडीला मांडी लावून बेरी निवडायला मी बसायचे. तू सौनाच्या वाफेत पाय पसरून असायचास. तरी जागा तुला मिळाली. तिनं दिली नाही तर मी माझ्या पायांनी मिळवीन.

लोभ शोधावा लागतो आहे, सापडला की कळवीन.
लेम्पी

ट्रॅप रोड
२१ जुलै

चि. लेम्पी हीस,
अ. उ. आ. नऊ ढीग पाहा, नव्वद पाहा. जागा ढिगांकडे नाहीच. उत्तरेला सरोवराच्या काठानं शोध. आता मी हे सांगतो म्हणजे खरं की खोटं ते तू ठरव. बेरीच्या दिवसांत दिशा विचारणाऱ्याला खरं सांगायची आपल्यात पद्धत नाही.

अस्वलानं तुझी सायकल खाल्ली तर बॅटरी त्याला बाधेल, त्याची काळजी वाटते.

बाकी लोभ नेहमीसारखा, म्हणजे नाही.
अर्वो

लॉरियम
४ ऑगस्ट

ती. अर्वो यास,
सा. न. वि. वि.

सापडली.

सातव्या ढिगामागं. बॅटरी निम्म्यावर आली होती, परत फिरणार होते. मोटारीत असते तर निघून गेले असते. वाटेकडेच्या मेपलच्या बुंध्यातून कापडाचं टोक बाहेर आलेलं दिसलं. गाठ झाडानं गिळली होती, नुसती चिंधी उरली होती. पुढं दुसरं झाड, मग तिसरं. जुन्या गाठीवर नवी गाठ, असं वर्षानुवर्षं बांधलेलं. पिवळ्या चौकडीचं कापड. माझा नवव्या वर्षीचा झगा, अर्वो. तो आईनं कुणाला तरी देऊन टाकला म्हणून मी आठवडाभर रुसले होते. ती तो खुणेसाठी कातरत होती.

चिंध्यांच्या मागं गेले आणि उतारभर लाल बेरी. बोटाला टोपीसारख्या बसणाऱ्या, हात लावला की विरघळणाऱ्या. मी तिथं बसून पोटभर रडले आणि पोटभर खाल्ल्या. मग फोननं एक फोटो काढला, स्वतःसाठी.

आता तुझं. त्या जागी दहा वर्षांत माणूस गेलेला नाही. पायवाट बुजलीय. वाटेत आडव्या पडलेल्या झाडावर बोटभर शेवाळ आहे, ते कुणी ओलांडल्याची खूण नाही. बेरीच्या वाळक्या काटक्या न मोडता उभ्या आहेत, अस्वलाची विष्ठा आहे, आणि काही नाही. तू चार वर्षं कुठली बेरी तोडत होतास? मला नाताळला पाठवलंस ते काय होतं? आईच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली ती बाटली मी चमचा चमचा पुरवून खायचे.

तू खोटारडा आहेस. हे मला नेहमीच माहीत होतं, पण आता पुरावा आहे.

लोभाबद्दल या पत्रात काही लिहीत नाही.
लेम्पी

ट्रॅप रोड
१२ ऑगस्ट

लेम्पी,
आशीर्वाद संपले.

रविवारी कॉफीच्या दुकानात तुमच्या सायकल मंडळातली बर्निस सांगत होती की मंडळातले अकरा जण बादल्या घेऊन सातव्या ढिगामागं गेले होते. जागा कशी कळली विचारलं तर म्हणाली, लेम्पीनं आम्हाला नकाशा पाठवला, फोटोसकट. तू कुठं गेलीस ते तुझी सायकल तुझ्या फोनला सांगते आणि तुझा फोन साऱ्या मंडळाला सांगतो, हे तुला माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. माहीत नसेल तर तू मूर्ख, आणि असेल तर त्याहून वाईट.

आईनं साठ वर्षं चकवलं. धर्मगुरूंनी विचारलं तर त्यांनाही तिनं दुसऱ्या दिशेला पाठवलं. तू सहा दिवसांत ती जागा अकरा जणांच्या पायाखाली दिलीस. बर्निस मला एक बाटली देणार आहे. म्हणाली, तुमच्या आईच्या आठवणीसाठी.

अर्वो

लॉरियम
१७ ऑगस्ट

ती. अर्वो यास,
सा. न. वि. वि.

माहीत नव्हतं. दुकानातल्या माणसानं फोनमध्ये काहीतरी घालून दिलं, मंडळात आलात की हे लागतं म्हणाला, मी हो म्हटलं. मी काल जाऊन आले. उतार मोडलाय. काटक्या मुळाशी तुडवल्यात. नकाशा मी पुसला, पण पाहिलेलं कुणाच्या डोळ्यांतून पुसता येत नाही. माझी चूक आहे. ही ओळ जपून ठेव, दुसरी मिळणार नाही.

पण तू बाटल्यांचं उत्तर दिलं नाहीस. माझ्यावर ओरडून ते टळणार नाही. आईनं तुला नक्की काय सांगितलं होतं?

लेम्पी

ट्रॅप रोड
२४ ऑगस्ट

चि. लेम्पी हीस,
अ. उ. आ.

मी परवा पिकअप घेऊन ढिगापर्यंत गेलो. पुढं काठी टेकत गेलो. कंबर सारखी थांब म्हणत होती. मोडलेला उतार पाहिला आणि तुझ्या झग्याच्या चिंध्या पाहिल्या. माझ्या कपड्याची एकही नाही. सगळी झाडं पाहिली.

आईनं मला काही सांगितलं नाही. बाटल्या रस्त्याकडेच्या विक्रीच्या टेबलावरून विकत घेतल्या. तिच्या हातच्या लिहून ठेवलेल्या, न वापरलेल्या चिठ्ठ्या खणात होत्या, त्या लावल्या.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती अंथरुणाला खिळली तेव्हा आपण दोघं बोलत नव्हतो. तिला वृद्धाश्रमात ठेवू असं तू म्हणालीस आणि मी तुला बाहेर काढलं, ते तुला आठवत असेल. शेवटचे तीन दिवस ती एकच म्हणत होती, लेम्पीला बोलव, तिला जागा सांगायची आहे. मी म्हटलं बर्फानं रस्ता बंद आहे. पहिला दिवस तो खरंच बंद होता. मंगळवारी आणि बुधवारी मोकळा होता. मी फोन केला नाही. आठ वर्षं तिचे पाय मी धुतले, रात्री तिला मी उठवून बसवलं, आणि बोलवायचं तुला. मी म्हटलं, मला सांग, मी लेम्पीला सांगतो. तर हसली. म्हणाली, "अर्वो, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माझी लेम्पी कुणाला सांगणार नाही."

माझी लेम्पी. आणि मग अकरा सायकली. हे लिहिताना मला बरं वाटतंय असं समजू नकोस, पण अगदी वाईटही वाटत नाही.

गुरुवारी ती गेली. तू अंत्यविधीला आलीस आणि शेवटी काय म्हणाली ते विचारलंस. तुला बोलावत होती हे सांगायची छाती झाली नाही, म्हणून जागा मला सांगितली असं म्हणालो. मला ती ठाऊक नाही एवढं एकच गुपित मी जन्मात पाळलं.

लोभ मागत नाही.
अर्वो

लॉरियम
३० ऑगस्ट

ती. अर्वो यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस सायकल बाहेर काढली नाही. तुला माफ केलेलं नाही आणि करीन असंही वाटत नाही. मंगळवार आणि बुधवार हे दोन दिवस तू माझे घेतलेस.

पण तू खरं लिहिलंस तर मीही लिहिते. त्या मंगळवारी मी औषधाच्या दुकानातून परत येताना मोटारीतून तुझ्या फाटकावरून गेले. फाटक उघडं होतं. आईच्या खोलीत दिवा होता. गाडी हळू केली, पार थांबवली. मग मनात आलं की अर्वोनं बोलावलेलं नाही, मी का म्हणून जाऊ. आणि निघाले. तेवढं गुपित चार वर्षं मलाही पाळता आलं.

उतारावर तुडवायच्या राहिलेल्या कोपऱ्यात मूठ-दोन मूठ बेरी उरल्या होत्या. मुरंबा केला तर लहान बाटलीही पुरती भरली नाही. चिठ्ठी लावलेली नाही. चिंध्या मी सोडवून आणल्या, झाडांनी गिळलेल्या तेवढ्या राहिल्या.

सोमवारी सकाळी सातला बाटली घेऊन तुझ्या रस्त्यानं येते. फोन घरी ठेवून येईन. तुझ्याशी बोलायला येत नाही, आणि फाटकाबाहेर उभी राहून हाकही मारणार नाही. मला एकदा आईच्या त्या खोलीत जाऊन बसायचं आहे.

लोभ असावा असं लिहिण्याइतका तो उरलेला नाही. साखळी तेवढी काढून ठेव.
लेम्पी