बिनगिलाव्याची भिंत

मी, खाली सही करणारा, धंद्याने गवंडी, वय शहात्तर पूर्ण, हे मृत्युपत्र राहत्या घरी बसून, कुणी धाक न घालता आणि कुणी गोड न बोलता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आणि म्हणाल्या, "काका, डोकं ठणठणीत आहे, हट्ट तेवढा कमी करा." हट्टाचे पुढे येईलच. याआधीचे माझे मृत्युपत्र कुणी दाखवले, तर ते खोटे समजावे.

पहिले, घर. माझे घर म्हणजे अर्धे घर. वडिलांच्या घराचे मधल्या भिंतीवरून दोन वाटे झाले. अलीकडचा माझा, पलीकडचा धाकट्या भावाचा. मग रस्ता रुंद करायचा, बाजारसंकुल बांधायचे, म्हणून सार्वजनिक हितासाठी जागा घेण्याच्या नोटिसा गल्लीत आल्या. धाकटा नगरपालिकेतच शिपाई. साहेबांनी त्याला खुर्चीत बसवून चहा पाजला. शिपायाला साहेब चहा पाजतो तेव्हा काय ते समजून जावे. त्याने संमती दिली. "दादा, भांडायचा दम माझ्यात नाही," एवढेच म्हणाला. मी कोर्टात गेलो आणि जिंकलो.

त्याचा वाटा पाडला. तिथे आजवर ना रस्ता झाला, ना संकुल. तारेचे कुंपण, गवत आणि 'सार्वजनिक प्रयोजनासाठी राखीव' अशी गंजलेली पाटी. म्हणजे माझेच बरोबर ठरले, आणि तिथेच घोडे पेंड खाते. चुकलो असतो तर कुणीतरी कान उपटले असते. जिंकलेल्या माणसाला कोण बोलणार?

हे अर्धे घर, दोन खोल्या आणि माळा, मी धाकट्याच्या बायकोला देतो. तिला एकटीला. पहिल्या वेळी तिला कुणी विचारलेच नव्हते. नोटीस नवऱ्याच्या नावाने आली, सही नवऱ्याने केली. नगरपालिकेतल्या सुनावणीच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात आली होती. "दादा, यांना समजवा. मला घर द्यायचं नाहीये." मी गल्लीला ऐकू जाईल असे म्हणालो, "तुझा नवरा विकाऊ निघाला, त्याला मी काय करू?" ती तशीच माघारी गेली. पुढे सरकार येवो की बिल्डर, हो म्हणायचे की नाही, ते तिचे ती ठरवील.

दुसरे, हत्यारे. थापी, गुरमाळा, ओळंबा आणि पाणी मारायचा ब्रश पुतणीला. ती घरे बांधून घेण्याच्या कामावर देखरेख करते, ओळंबा तिला कळतो. चाळणी मात्र माझ्या जुन्या ठेकेदाराला पोचवावी. जन्मभर त्याने वाळूत चवीपुरते सिमेंट घातले, निदान आता वाळू तरी चाळून घ्यावी.

तिसरे, बँकेत जे निघेल त्यातून आधी माझे शेवटचे करावे, उरेल ते पुतणीला.

चौथे, भिंत. धाकट्याचा वाटा पाडला तेव्हा मधली भिंत उघडी पडली. माझ्या बाजूने ती माझी, पण रस्त्याच्या बाजूने अजून धाकटीचे, म्हणजे धाकट्याच्या बायकोचे, स्वयंपाकघर आहे. निळा रंग, फळीच्या खुणा, स्टोव्हच्या धुराचा काळा पट्टा, न्हाणीच्या तीन फरशा. बसथांब्यावरची माणसे ते बघत उभी राहतात. मी गवंडी. गिलावा करून ते झाकणे एका दिवसाचे काम. मुद्दाम केले नाही. भावाने काय विकले ते जगाला दिसू दे, असे मनात होते. त्यांना मोबदल्यात घर मिळाले तेही समोरच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिची खिडकी नेमकी या भिंतीवर उघडते. उघडत नाही, असे म्हणायला हवे. पडदा कायम ओढलेला. माझी बायको जाईपर्यंत सांगत राहिली, "लोकांच्या भिंती गुळगुळीत करता, आणि त्या पोरीचा संसार असा चव्हाट्यावर." मी म्हणायचो, सिमेंट महागलंय. हे लिहिताना मान वर होत नाही.

तरी माझ्या मृत्यूनंतर या भिंतीला चांगल्या गवंड्याकडून गिलावा करून घ्यावा.

वरील एक वाक्य रद्द. कारण असे, की साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंप्याला हे वाचून दाखवले. तो ओठांतली टाचणी काढून म्हणाला, "वा मिस्त्री! म्हणजे तिनं आधी तुमच्या मरणाची वाट बघायची?"

दुसऱ्या दिवशी तीन मजले चढलो. दार धाकटीने उघडले. म्हणालो, "भिंतीला गिलावा करतोय. तुला विचारायला आलो."

"भिंत तुमची आहे, दादा. कोर्टानंच सांगितलंय."

"स्वयंपाकघर तुझं होतं."

ती कडीशी चाळा करत म्हणाली, "धुराचं काळं आधी नीट खरवडा. नुसतं वरून लिंपलंत तर पुन्हा वर येतं." आणि दार लावले. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

आज सकाळपासून खरवडतो आहे. दुपारी धाकटा आला, शिडी धरून उभा राहिला. मग शिडीवरून मीच म्हणालो, "विकाऊ म्हणालो होतो तुला."

"ऐकलं होतं," तो म्हणाला. "खाली बघू नका, पडाल."

काळे अजून सगळे निघालेले नाही. निघेपर्यंत गिलाव्याला हात लावणार नाही. त्याआधी मी गेलो, तर पुढचे काम धाकटीला विचारून करावे. ती राहू दे म्हणाली, तर तसेच राहू द्यावे.

सही हलली आहे ती म्हातारपणाने नव्हे. दिवसभर हात वर धरून भरून आला आहे. कुणी शंका काढू नये.

सही: गवंडी, अर्ध्या घराचा मालक

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. शेजारचा शिंपी
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: भिंतीची अलीकडची बाजू
तारीख: चौदा, शनिवार, दिवेलागणीला